कोयनेला येताय? आधी क्युसेक वाचायला शिका

जुलै उजाडला की दर शनिवारी सकाळी आमच्याकडं फोन वाजणार हे ठरलेलं. कधी पुण्याचा मावसभाऊ, कधी ठाण्याचे काका, कधी बायकोच्या ऑफिसातलं कुणीतरी, आणि प्रश्न एकच, "कोयनेला येतोय, दरवाजे उघडलेत का?" आम्ही कराडचे, म्हणजे धरणापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, पण पै-पावण्यांच्या मते आम्ही धरणाच्या भिंतीवरच खुर्ची टाकून बसलेलो असतो. असो. गंमत अशी की सगळ्यांना दरवाजे उघडलेले बघायचे असतात आणि त्याच दिवशी खाली नदीत उतरून पाय पण बुडवायचे असतात, आणि या दोन गोष्टी एका दिवशी होत नाहीत हे दरवेळी फोनवर समजवायचा कंटाळा आला म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय. पुढच्या वेळी लिंक पाठवेन.

नदी कुणाच्या हातात आहे

कोयना महाबळेश्वरात उगवते, दक्षिणेला वाहत हेळवाकपर्यंत येते, तिथं वळून पाटणवरनं कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. हेळवाकजवळ १०३ मीटर उंच आणि ८०७ मीटर लांब धरण आहे आणि त्याच्यामागं तापोळा-बामणोलीपर्यंत पसरलेलं पाणी म्हणजे शिवसागर. साठा १०५.२५ टीएमसी, एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. वीज, जलविद्युत प्रकल्पाचे चारही टप्पे आणि पायथा वीजगृह धरून, १९६० मेगावॅट.

पण फिरायला येणाऱ्यानं लक्षात ठेवायची गोष्ट वेगळीच आहे. या धरणातलं पाणी दोन दिशांनी बाहेर पडतं. विजेचं मुख्य पाणी पश्चिमेला जातं, सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीकडं पावणेपाचशे मीटर खाली पडतं, मग कोळकेवाडी, मग वाशिष्ठी, आणि शेवटी समुद्र. पूर्वेला, म्हणजे खऱ्या कोयना नदीत, पाणी येतं ते धरणाच्या पायथ्याला असलेल्या छोट्या वीजगृहातून नाहीतर वरच्या सहा वक्री दरवाजांतून. पायथा वीजगृहात २० मेगावॅटची दोन युनिट आहेत, एक चालू केलं की नदीत १०५० क्युसेक, दोन्ही चालू केली की २१००. आणि हे फक्त पावसाळ्यात नाही बरं का. ऐन उन्हाळ्यात खाली सांगलीकडं टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांना पाणी पाहिजे असतं तेव्हा एप्रिलमध्ये कडक उन्हात, ढगाचा ठिपका नसताना, नदीला पाणी येतं.

म्हणून गावाकडच्या ओढ्याचं शहाणपण (आभाळ भरलं का बघ, वर पाऊस लागला का बघ, पाणी गढूळ आलं का बघ) इथं अर्धंच चालतं. या नदीचं आभाळ म्हणजे धरणाच्या कंट्रोल रूममधली माणसं.

आदल्या रात्री चार आकडे

निघायच्या आदल्या रात्री आणि पुन्हा एकदा सकाळी निघताना, सातारा-कराडच्या कुठल्याही बातमीत किंवा जिल्हा प्रशासनाच्या मेसेजमध्ये कोयनेचे चार आकडे मिळतात. साठा, आवक, विसर्ग आणि पाऊस. लोक फक्त पहिला वाचतात, "९० टक्के भरलं वा वा", आणि निघतात. खरं म्हणजे पहिला एकटा काहीच सांगत नाही.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर, बादली-दीड बादली धरा. म्हणजे पायथ्याचं एक युनिट चालू झालं की दर सेकंदाला तीस हजार लिटर, दहा हजाराचे तीन टँकर. मोजा मनात, एक, दोन, तीन... नऊ टँकर गेले. ही सगळ्यात छोटी पायरी. दरवाजे उचलून वीस हजार क्युसेक सोडलं की सेकंदाला छप्पन-सत्तावन टँकर.

आता आवक बघा. दिवसभर ११,५७४ क्युसेक आवक राहिली की धरणात एक टीएमसी वाढते, हा आकडा मी फोनच्या नोट्समध्ये ठेवलाय. एखाद्या दिवशी आवक एक लाख क्युसेक दिसली तर चोवीस तासांत साडेआठ टीएमसीपेक्षा जास्त पाणी येणार. मग साठा ८५ टीएमसी असेल आणि आवक लाखाची असेल तर डोकं चालवा, दोन दिवसांत धरण शंभरी गाठणार आणि त्याच्या आधीच दरवाजे उचलणार. आधीच का, तर पावसाळ्यात कुठल्या तारखेला किती पातळी ठेवायची याची जलाशय परिचलन सूची असते, मागाहून येणाऱ्या पुराला जागा ठेवायला लागते, भांडं काठोकाठ भरून मग सोडायला लागलं तर खाली सांगलीची काय गत होते ते २०१९ ला महापुराचं पाणी अंगणात आलेल्यांना विचारा. त्यामुळं "धरण अजून भरलंच नाही, दरवाजे कसे उघडतील" हे म्हणू नका.

पावसाचा आकडा तीन ठिकाणचा येतो, कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर. यात नवजा बघा. कराडात शर्ट वाळत असतो तेव्हा नवज्याला चोवीस तासांत दोनशे मिलिमीटर पडून गेलेला असतो, आणि ते पाणी थेट धरणात.

माझा ठोकताळा असा, सरकारी नियम नाही हा, घरचा. फक्त पायथ्याचा विसर्ग चालू असेल तर यायला हरकत नाही पण नदीपात्रात उतरायचं नाही. दरवाजे उचललेले असतील आणि आवक उतरत असेल तर लांबून बघायला या. आवक चढती, पाऊस चालू आणि "विसर्गात टप्प्याटप्प्याने वाढ" असं वाक्य बातमीत असेल तर त्या शनिवारी घरात भजी तळा.

पोचल्यावर कुठं थांबायचं

कराडहून पाटण मार्गे चिपळूण रस्त्यानं यायचं, पेट्रोल पाटणलाच भरून घ्या, पुढं रेंजचा पण भरवसा नाही, नकाशा आधीच डाउनलोड केलेला बरा. वाटेत पाटणजवळ मुळगावचा पूल आहे, दरवाजे मोठे उचलले की पाण्याखाली जाणारा, दर पावसाळ्यात बातमीत असतोच. पुलावरनं पाणी वाहत असताना "घोट्याएवढंच आहे की" म्हणून गाडी घालू नका, खालचा रस्ता शिल्लक आहे की नाही ते वरनं दिसत नाही आणि गाडीच्या तळाला पाणी लागलं की गाडी उचलायला लागते.

धरण बघायला कोयनानगरचं नेहरू उद्यान. तिकीट काढा, आत जा, समोर अख्खं धरण दिसतं, दरवाजे उघडे असतील तर सांडव्यावरनं पडणारं पाणी आणि त्याचा उडालेला पांढरा धुरळा दिसतो, आणि तुम्ही नदीच्या पातळीपासून सुरक्षित उंचीवर असता. भिंतीवर जायला मिळत नाही, हुज्जत घालू नका, ड्रोन तर पिशवीतनं काढूच नका. पोफळीचं भूमिगत वीजगृह बघायचं असेल तर आधी परवानगी लागते, गेटवर जाऊन विनवण्या करून उपयोग नाही.

गाडी लावताना वर बघा. खरंच, मान वर करून बघा. उभ्या मातीच्या दरडीखाली, ओघळ उतरतोय तिथं गाडी लावू नका. २०२१ च्या जुलैत याच पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं एका रात्रीत डोंगर खाली आला, तो इथलाच भिजलेला डोंगर होता.

नदीत उतरणार असाल तर

नका उतरू. पण तुम्ही उतरणार हे मला माहीत आहे, मी पण उतरलोय, म्हणून सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट, ऑक्टोबरचा शेवट, पाऊस संपलेला, आभाळ निळंशार. मावसभाऊ, त्याची बायको, दोन पोरं आणि आम्ही हेळवाकच्या खालच्या अंगाला नदीत उतरलो. मोठमोठे काळे दगड, मधनं पाण्याची पातळ धार, पोरांच्या गुडघ्याला पण न लागणारी. भावानं थम्सअपच्या दोन बाटल्या गार व्हायला दगडांच्या सापटीत पाण्यात ठेवल्या आणि आम्ही मधल्या एका सपाट दगडावर डबे उघडले. काठावर एक म्हातारबाबा म्हशी घेऊन बसलेले. वीसेक मिनिटं झाली असतील, बाबा उठले आणि तिथनंच ओरडले, "ए पावणं, वर या वर! म्हसरं बाहेर काढली म्या, तुमी काय बसलाय!" आम्ही बघतो तर म्हशी खरंच सगळ्या काठावर. पाणी मात्र तसंच, स्वच्छ, आवाज नाही, लोंढा नाही. भाऊ म्हणाला काय होतंय हो, पाच मिनिटांत आवरतो. मग मी सापटीकडं बघितलं तर बाटल्या नव्हत्या. ज्या दगडाच्या कडेला मघाशी कोरडी पांढरी रेघ दिसत होती ती रेघ पण नव्हती. येताना जिथनं उड्या मारत आलो त्यातले दोन दगड पाण्याखाली गेलेले आणि मधली ती पातळ धार आता माझ्या मांडीएवढी. पोरांना खांद्यावर घेऊन, एकमेकांचे हात धरून बाहेर आलो, डबे तिथंच राहिले. बाबा म्हणाले मशीन सोडलं असंल, म्हणजे पायथ्याचं युनिट. बस्स, एवढंच. त्यांच्या लेखी रोजची गोष्ट.

त्या दिवशी कळलं ते असं. पावसाचा पूर येतो तेव्हा तो सांगून येतो, पाणी लाल होतं, पालापाचोळा येतो, आवाज येतो. मशीनचं पाणी तसलं काही करत नाही. ते धरणाच्या पोटातनं येतं, स्वच्छ असतं, अंगाला गार लागतं, आणि चढतं पण असं की बसलेल्या माणसाला जाणवत नाही, कारण आपण पाण्याकडं बघत नसतो, डब्याकडं बघत असतो.

तर उतरायचंच असेल तर एक, काठाला लागून राहा, मधल्या दगडावर किंवा बेटावर कधी जाऊ नका, कारण पाणी आधी तुमच्या आणि काठाच्या मधल्या खोलगटात भरतं आणि तुम्ही कोरड्यात बसून अडकता. दोन, उतरल्या उतरल्या पाण्याच्या कडेला एक खूण करा, बरोबर पाण्याला टेकून एक दगड ठेवा नाहीतर काडी रोवा, आणि एका माणसाला काम द्या की दर पाच-दहा मिनिटांनी ती खूण बघायची. खूण भिजली की चर्चा नाही, चपला हातात आणि वर. काठावरच्या दगडांवर शेवाळाचा आणि ओलेपणाचा पट्टा असतो तो नीट बघा, पाणी रोज कुठवर येऊन जातं ते त्यावर लिहिलेलं असतं, त्या पट्ट्याच्या आत सामान टाकायचं नाही. आणि वर चढायची वाट आधी ठरवा, पोरं आणि म्हातारी माणसं ज्या वाटेनं दोन मिनिटांत वर जातील तीच वाट. जोराच्या धारेत गुडघाभर पाणी मोठ्या माणसाला पण पाडतं, पोहता येण्याचा इथं काही संबंध नाही, शेवाळलेल्या दगडावरनं घसरून डोकं आपटलं की पट्टीचा पोहणारा पण गेला.

भोंगा वाजतो, हे खरं. दरवाजे उचलायच्या आधी भोंगा होतो, नदीकाठच्या गावांना इशारा जातो. पण भोंग्यावर विसंबून बसू नका, वाऱ्याची दिशा उलटी असेल, वळणापलीकडं असाल, कुणीतरी ब्लूटूथ स्पीकर लावला असेल तर तो ऐकू येईलच असं नाही. गुराखी, मासे धरणारे, धुणं धुणाऱ्या बायका काय करतायत ते बघा. त्या उठल्या की तुम्ही उठा.

हिमाचलात ८ जून २०१४ ला बियास नदीच्या पात्रात फोटो काढायला उतरलेले हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे २४ विद्यार्थी लारजी जलविद्युत प्रकल्पातनं सोडलेल्या पाण्यात वाहून गेले, तेव्हाही पात्रात दगडच दगड होते आणि पाणी कमीच होतं. त्याचा व्हिडिओ बघितलेल्यांना पुढचं सांगायला लागत नाही.

अडकलातच तर पोहून यायचा प्रयत्न नको. सगळ्यात उंच दगडावर सगळ्यांनी जायचं, एकमेकांना धरून बसायचं, पाठीवरच्या जड सॅक काढून ठेवायच्या, आणि लगेच ११२ लावायचा. फोनवर पहिलं वाक्य असं पाहिजे की "कोयना नदीत अमुक गावाजवळ इतकी माणसं अडकलीत, धरणाला कळवून पाणी कमी करायला सांगा." कारण पायथ्याचं पाणी मशीन बंद केलं की थांबू शकतं, पुराचं तसं नाही. मात्र सोडलेलं पाणी पुढं सरकायला वेळ लागतोच, म्हणून फोन पाच मिनिटं आधी झालेला बरा. काठावर सुटलेल्यांनी दोरी असेल तरच टाकायची, आत उडी मारून हिरो व्हायला जायचं नाही, एकाचे दोन होतात.

ओझर्डे आणि नवजाकडं

कोयनानगरपासून नवजा दहाएक किलोमीटर, तिथं ओझर्डे धबधबा. पाऊस चांगला लागला की असला कोसळतो की शंभर फुटांवर उभं राहून पण चष्मा पुसत बसावं लागतं. इथं धरणाचं पाणी नाही, त्यामुळं इथं जुनं शहाणपण पूर्ण लागू, वरच्या डोंगराकडं बघा, पाणी एकदम गढूळ झालं, आवाज बदलला, काटक्या यायला लागल्या की बाजूला व्हा. कुंडात उतरू नका, पाण्याबरोबर वरनं दगड येतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच घरातली पाच माणसं गेली, ती पण अशीच धारेच्या मधोमध उभी होती आणि वरनं लोंढा आला.

जंगली जयगड याच बाजूला आहे पण तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय त्या वाटेला लागू नका. जळवा असतात, मिठाची पुरचुंडी ठेवा.

शिवसागर, बोट आणि वासोटा

धरणाच्या खालची नदी जेवढी फसवी तेवढाच वरचा तलाव शांत, असं दिसतं. इथं धोका दोन गोष्टींत, काठ आणि बोट.

काठाचं असं की शिवसागर वर्षभर एका पातळीवर राहत नाही. जूनपासून चढतो आणि मग मेपर्यंत उतरत जातो. उतरला की मोठी उघडी लाल जमीन दिसते, वरनं वाळलेली आणि खाली लगदा, पाय घोट्यापासून मांडीपर्यंत जातो. पुढं एकदम उतार, कारण हा तलाव म्हणजे बुडालेल्या दऱ्या आहेत, समुद्राच्या चौपाटीसारखा हळूहळू खोल होत नाही, दोन पावलं कमरेएवढं आणि तिसरं पाऊल नाहीच. तापोळ्याला टेंट लावणारे तर नेमके पाण्याला टेकून लावतात, फोटो छान येतो म्हणून. गवत-झुडपं जिथं सुरू होतात त्याच्या वरच टेंट लावा, झुडपं नसलेली जमीन ही तलावाची जमीन आहे, जून-जुलैत एका रात्रीत तो ती परत मागून घेतो.

बोटीचं सांगतो. एका घाटावर (नाव नको) आम्ही बोटीत बसलो, जॅकेटं दिली सगळ्यांना, फोटोत सगळे केशरी केशरी. मधोमध गेल्यावर बायकोनं सहज बक्कल ओढून बघितलं तर हातात आलं. मग एकेकानं तपासलं, आठातली तीन तशीच, नुसती अंगावर अडकवलेली. बोटवाला बिचारा म्हणाला नवीन मागवलीत. तेव्हापासून मी काठावरच तीन गोष्टी करतो. बक्कल लावून खांद्यांना धरून वर ओढून बघायचं, जॅकेट हनुवटीपर्यंत वर आलं तर ते पाण्यात पण निघून जाणार. लहान पोरांना लहानच जॅकेट पाहिजे, मोठं घालून दोरीनं बांधायचं नाही. आणि बोटीत किती माणसं चालतात ते विचारायचं आणि मोजायचं, एक जरी जास्त असला तरी दुसरी बोट. सेल्फीसाठी सगळे एका बाजूला गेले की बोट कलते, हे सांगूनही लोक जातातच. दुपारनंतर वारा सुटतो, लाटा होतात, म्हणून फेरी सकाळची घ्या.

वासोट्याला जायचं तर साताऱ्याहून कास मार्गे बामणोलीला मुक्काम करा नाहीतर पहाटे पोचा. पावसाळ्यात हा ट्रेक बंद असतो, साधारण ऑक्टोबरमध्ये उघडतो, तारीख आधी विचारून घ्या. ओळखपत्र घेऊन वनखात्याची परवानगी, मग बोट, तास-सव्वा तासाचा प्रवास, पलीकडं मेट इंदवलीला वनखात्याची चौकी. तिथं पिशव्या उघडून प्लास्टिक मोजतात, जेवढं नेलं तेवढं परत दाखवायचं. चढ घनदाट जंगलातला, दोन-अडीच तास धरा, वाटेत गवा दिसू शकतो, दिसला तर थांबायचं, जवळ जाऊन व्हिडिओ नाही. मुक्काम करता येत नाही, संध्याकाळी बाहेर यावंच लागतं आणि बोटवाला तुमच्यासाठी काठावर थांबलेला असतो, म्हणून परत फिरायची वेळ वर चढायच्या आधी ठरवा. आमची एक वाजता, माथा येवो न येवो. एकदा बाबू कडा बघायला अर्धा तास राहिलेला असताना फिरलो, ग्रुपमधला एकजण आठवडाभर बोलला नाही.

धरण फुटेल का? भूकंप झाला तर?

हा प्रश्न फोनवर शेवटी हळूच येतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला ६ पेक्षा मोठ्या तीव्रतेचा भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगरमधली घरं पडली. आमची आजी सांगायची, कराडात पण भांडी मांडणीवरनं खाली आली होती. धरणाला भेगा पडल्या पण धरण उभं राहिलं. मग भेगा बुजवून, खालच्या अंगाला काँक्रीटचे भक्कम आधार देऊन ते मजबूत केलं. धरणात पाणी साठल्यानं भूकंप होतात याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणून कोयनेचा अभ्यास अजून चालू आहे, आणि छोटे धक्के अजून बसतात, बरेचसे कुणाला कळत पण नाहीत.

हे धरण मातीचं नाही, दगड-काँक्रीटचं आहे आणि स्वतःच्या वजनावर उभं आहे. असल्या धरणाच्या पोटात गॅलरी असते, तिथं झिरपणारं पाणी गोळा करून मोजतात. "धरणातून गळती" असा मेसेज आला की लोक घाबरतात, पण झिरपणं असतंच, बघायचं असतं ते वाढतंय का आणि गढूळ येतंय का. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानं पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी सक्तीची केलीय. आपल्याकडं १९६१ चं पानशेत किंवा २ जुलै २०१९ च्या रात्रीचं चिपळूण तालुक्यातलं तिवरे, ही दोन्ही मातीची धरणं होती, त्यांची जात वेगळी. सहलीला आलेल्या माणसाचा जीव धरण फुटून नाही, धरण व्यवस्थित चालू असताना जातो, हे मला राहून राहून सांगावंसं वाटतं.

धक्का जाणवला तर हॉटेलात असाल तर टेबलाखाली, डोकं झाका, थांबला की मोकळ्यावर या. डोंगराच्या वाटेवर असाल तर कड्यापासून आणि दरडीपासून लांब व्हा. नदीच्या पात्रात असाल तर वर या. आणि "धरणाला तडा" असला व्हॉइस मेसेज फॉरवर्ड करू नका, खालच्या गावात म्हातारी माणसं रात्रभर झोपत नाहीत.

कुंभार्ली उतरून चिपळूणला जाणार असाल

पावसात घाट धुक्यानं भरतो, हेडलाइट लावा, दरडीखाली थांबून भुट्टा खाऊ नका. खाली उतरलात की तुम्ही कोयनेच्या दुसऱ्या टोकाला असता. वाशिष्ठीत येतं ते कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून झालेलं पाणी, आणि ते राज्याच्या विजेच्या मागणीप्रमाणे कमी-जास्त होतं. संध्याकाळी मुंबई-पुण्यात दिवे आणि एसी लागले की भार प्रेषण केंद्रातनं सांगावा येतो, मशीन फिरतात, आणि तुम्ही पाय सोडून बसलेल्या दगडाजवळ पाणी चढतं. शिवाय वाशिष्ठीत मगरी आहेत. बोटीतनं बघा, छान दिसतात.

परत कराडमार्गे जाणार असाल तर प्रीतिसंगमावर थोडं थांबा, भेळ खा, आणि घाटाच्या किती पायऱ्या पाण्यात गेल्यात ते मोजा. सकाळी जाताना मोजल्या असतील तर मजा येते. भाऊ आता दरवेळी मोजतो. त्याचं म्हणणं, त्याच्या थम्सअपच्या दोन बाटल्या अजून इथनं गेलेल्या नाहीत, तो वाट बघतोय.